मतलई वाऱ्यावर
(बी. ए. भाग 2)

आम्हा कोल्हापूरकरांना पाणी म्हटले की रंकाळा आठवतो. फार तर पंचगंगेचा पूर. समुद्र घाटाखाली. तो सहलीला जाऊन पाहायचा आणि संध्याकाळी परत एस. टी.त बसायचे. मीही याच गावात वाढले. वडील उद्यमनगरातील फौंड्रीत कामाला आहेत. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. पण माझी आई देवगड तालुक्यातली आणि तिचे वडील, म्हणजे माझे आजोबा, शिडाच्या मचव्यावरचे तांडेल होते. तीन भावांचा मिळून तो एक मचवा. हे तिघे आणि दोन खलाशी एवढ्यांनी तो विजयदुर्गाहून मुंबईला न्यायचा आणि परत आणायचा. वयाच्या चौदाव्या वर्षी, 1959 च्या सुमारास, आजोबा त्यावर चढले. 1978 साली मचवा विकला, तेव्हा विक्रीच्या कागदावर त्यांनी अंगठा उठवला.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी किनाऱ्याच्या नकाशाची प्रत घेऊन आजोळी गेले. ‘खारे वारे व मतलई वारे’ हा धडा मी शाळेत तोंडपाठ केला होता. त्या वाऱ्यांवर माणसे पोट भरत होती, हे मात्र धड्यात नव्हते.

धड्यातले आधी सांगते. दिवसा जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते. तिच्यावरची हवा हलकी होऊन वर जाते आणि तिच्या जागी समुद्रावरची हवा येते. हे खारे वारे. रात्री जमीन लवकर निवते, म्हणून वारा उलटतो आणि जमिनीवरून समुद्राकडे वाहतो. हे मतलई वारे. नारळी पौर्णिमेला नारळ वाहिला, समुद्र शांत झाला, की शिडाच्या होड्या बाहेर पडत आणि मृगाच्या आत परत किनाऱ्याला ओढल्या जात. या मोसमात आपल्या किनाऱ्यावर दुपारचा वारा बहुधा वायव्येचा असतो. मुंबई तर उत्तरेला. म्हणजे जाताना वारा जवळजवळ तोंडावरच!

मग जायचे कसे? शिडाची होडी वाऱ्याच्या तोंडावर सरळ जाऊ शकत नाही. मात्र वारा बाजूने घेऊन तिरकी पुढे सरकू शकते. करूळ घाटाचा रस्ता आठवून पाहावा. एस. टी. डोंगर सरळ चढत नाही; एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे वळत वर येते. समुद्रावर हा घाट वाऱ्याचा असतो. पहाटे मतलई सुटला की नांगर उचलायचा. वारा उजव्या अंगाने घेऊन उत्तरेकडे, थोडे खोल दर्यात जायचे. नऊ-दहाच्या सुमारास वारा पडतो. त्या वेळी भात शिजवायचा. दुपारी खारा वारा आला की तो डाव्या अंगाने घेऊन पुन्हा किनाऱ्याकडे सरकायचे आणि अंधार पडण्यापूर्वी एखाद्या खाडीच्या तोंडाशी नांगर टाकायचा. जैतापूर, पूर्णगड, रत्नागिरी, जयगड, दाभोळ, हर्णे, श्रीवर्धन, रेवदंडा अशी ही पायऱ्यापायऱ्यांची वाट होती.

मी ॲटलासवरून हिशेब केला. अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, म्हणजेच 1.852 किलोमीटर. विजयदुर्ग ते मुंबई अंतर सुमारे 145 सागरी मैल भरते. आजोबांना जाताना आठवडा लागे. येताना तोच वायव्येचा वारा पाठीशी असे. मग दोन-तीन दिवसांत घर!

सगळा प्रवास किनारा नजरेत ठेवून चाले. एखाद्या देवळाचा कळस डोंगराच्या खिंडीत आला की वळायचे, अशा खुणा ठरलेल्या. धुक्यात दोरीला बांधलेला शिशाचा गोळा सोडून खोली वावांत मोजायची. गोळ्याच्या बुडाला चरबी लावलेली असे. तिला वाळू चिकटली की चिखल, यावरून आपण कुठे आहोत ते कळे. पिण्याचे पाणी एका पिंपात, ते मोजूनच. सुकाणूवर रात्री आळीपाळीने जागायचे.

याच काळात मुंबईत एक गोष्ट घडली. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन या तरुण इंग्रज दर्यावर्दीने तिथल्या सुतारांकडून ‘सुहेली’ नावाची सुमारे 32 फुटांची सागवानी शीडनौका बांधून घेतली. हातहत्यारांनी घडवलेली ही नौका 1964 मध्ये पाण्यात उतरली. 1965 मध्ये तो, त्याचा भाऊ आणि एक मित्र असे तिघेच ती घेऊन इंग्लंडकडे निघाले. दक्षिण आफ्रिकेत पैसे संपले, तेव्हा थांबून नोकरी करावी लागली! पुढे 14 जून 1968 रोजी तो याच नौकेतून एकटा निघाला आणि 22 एप्रिल 1969 रोजी, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला एकटा माणूस म्हणून परतला. 312 दिवस ती नौका टिकली. तिच्या सुतारांची नावे किती जणांना ठाऊक असतील?

आपल्या माणसांनीही हे केले. कमांडर दिलीप दोंदे 19 ऑगस्ट 2009 रोजी मुंबईहून ‘म्हादेई’ घेऊन एकटे निघाले आणि चार बंदरांत थांबत मे 2010 मध्ये परतले. अशी एकट्याने प्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. ‘म्हादेई’ गोव्यातल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांनी बांधली होती. त्यांनीच बांधलेल्या ‘तारिणी’तून नौदलाच्या सहा महिला अधिकारी 10 सप्टेंबर 2017 रोजी गोव्याहून निघाल्या आणि 21 मे 2018 रोजी जग फिरून आल्या.

हे मी आजोबांना सांगितले. सहा मुली म्हटल्यावर ते बराच वेळ हसत होते, मग म्हणाले, “वारो बाप्या-बाईल बघना नाय.” त्यानंतर मी नकाशा पुढे ठेवला. त्यांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू आहे, दुसऱ्यानेही अंधुकच दिसते. मी त्यांचे बोट धरून गावे वाचत गेले. ते म्हणाले, “ह्या कागदार गावां आसत गो, पण खडक खंय आसत?” माझ्याकडे उत्तर नव्हते. मग ते सांगत गेले आणि मी पेन्सिलीने खुणा करत गेले: खडक, कळस, चिखलाचा तळ, वारा पडण्याच्या जागा. दोन दिवसांत जयगडापर्यंत पोचलो. पुढचे त्यांना नीट आठवेना. दोन्ही भाऊ वारले, आता विचारायचे कोणाला?

परतल्यावर भूगोलात एक गोष्ट सापडली. ध्रुवतारा क्षितिजापासून जितके अंश वर दिसतो, तितकाच आपला अक्षांश असतो. विजयदुर्गाचा अक्षांश 16 अंश 33 मिनिटे, कोल्हापूरचा 16 अंश 42 मिनिटे. म्हणजे जवळजवळ एकच. हात लांब करून मूठ धरली तर ती साधारण दहा अंश झाकते. आमच्या गच्चीवरून मी मोजले: दीड मुठीहून थोडा वर. सुकाणूवर जागताना आजोबांना तो एवढ्याच उंचीवर दिसत असणार.

मे महिन्यात पुन्हा जाणार आहे. जयगड ते मुंबई अजून कोरे आहे.