ठोकळा कोणाच्या हाती? फ्रेने यांच्या शाळेतील चित्रे आणि एक वादग्रस्त स्वप्न

ग्रामीण मुलांकडून गोष्टींच्या पुस्तकांसाठी चित्रे काढून घेणाऱ्या कार्यशाळांत चित्र मुलांचे असले, तरी ते निवडण्याचा आणि पानावर बसवण्याचा अधिकार बहुधा प्रौढ संपादकाकडे राहतो. हा अधिकार मुलांना देणारा एक महत्त्वाचा प्रयोग दक्षिण फ्रान्समधील बार-सुर-लू या डोंगराळ गावी झाला. पहिल्या महायुद्धात फुप्फुसांना इजा झाल्याने वर्गात फार वेळ बोलू न शकणारे शिक्षक सेलेस्तँ फ्रेने यांनी १९२४ च्या सुमारास तेथे एक लहान छपाईयंत्र आणले. मुलांनी मनाप्रमाणे लिहिलेल्या मजकुरांतून वर्ग एक निवडी, सगळे मिळून तो सुधारीत आणि मुलेच त्याचे अक्षरांचे खिळे जुळवून तो छापीत.

चित्रांसाठी पुढे लिनोलियमच्या तुकड्यावर कोरीवकाम होऊ लागले. त्यात कोरून काढलेला भाग कागदावर पांढरा राहतो, उरलेल्या उंच भागाला शाई लागते आणि चित्र उलटे उमटते. असा तुकडा लाकडावर चिकटवून खिळ्यांच्या उंचीचा ठोकळा केला की शब्द व चित्र एकत्र छापता येतात. या माध्यमात फिक्या-गडद छटांना फारसा वाव नसल्याने मुलांची ठसठशीत रेषा तेथे उणीव न ठरता गुण ठरली. फ्रेने यांच्या पत्नी एलीझ या स्वतः चित्रकार होत्या आणि मुलांच्या कलेचा विचार त्यांनी पुढे सातत्याने मांडला. १९२७ मध्ये ‘ला जेर्ब’ हे मुलांचे मासिक निघाले आणि त्यापाठोपाठ मुलांनीच लिहून चितारलेल्या कथांची ‘आंफांतिन’ ही पुस्तिकामाला सुरू झाली.

या छपाईचे खरे मोल मात्र एका भांडणाने दाखवून दिले. फ्रेने पुढे सें-पोल गावच्या शाळेत शिकवू लागले. तेथे एका मुलाने लिहिलेल्या आणि शाळेत छापलेल्या स्वप्नात मुले गावच्या महापौराविरुद्ध उठतात आणि महापौर मारला जातो. १९३२ च्या डिसेंबरात विरोधकांनी हा मजकूर भित्तिपत्रकांतून गावभर लावला, उजव्या विचारांच्या वृत्तपत्रांनी प्रकरण पेटवले, १९३३ मध्ये फ्रेने यांना ती शाळा सोडावी लागली आणि १९३५ मध्ये त्यांनी व्हाँस येथे स्वतःची शाळा उघडली. हेच स्वप्न पाटीवर लिहिले गेले असते तर संध्याकाळपर्यंत पुसले गेले असते. छापले गेल्यामुळे ते सार्वजनिक विधान झाले, आणि ही गोष्ट फ्रेने यांचे कौतुक करणाऱ्यांपेक्षा त्यांच्या विरोधकांनी अधिक नेमकी ओळखली.

छापलेल्या चित्रालाही हेच लागू होते. म्हणूनच मुलांच्या चित्रांना केवळ निरागस म्हणून गौरवणे अपुरे आहे, कारण त्या गौरवात मुलांचे म्हणणे गंभीरपणे घेण्याची जबाबदारी सहज टळते. चित्र-कार्यशाळेची कसोटी शेवटच्या पानावरील बालचित्रकारांच्या नामावलीने लागत नाही. संपादकाला अडचणीचे वाटणारे चित्र छापावे की नाही, या निर्णयात मुलांचे मत चालते का, यावर ती लागते.