पेन्स प्रेअरी: कधी तळं, कधी कुरण

फ्लोरिडातलं गेन्सव्हिल शहर मागे टाकून दक्षिणेला निघालं की रस्ता एका अफाट पाणथळ कुरणात उतरतो. हे पेन्स प्रेअरी राज्य उद्यान, सुमारे २१ हजार एकरांचं. मगरी इथे काठावर बिनधास्त ऊन खात पडतात, आणि हिवाळ्यात सँडहिल क्रौंच हजारोंनी उतरतात.

या जागेची नाडी उत्तर काठावरच्या एका विवरात आहे. इथला खडक चुनखडीचा, आतून पोखरलेला. अलाचुआ सिंक या विवरातून प्रेअरीचं पाणी भूगर्भात जातं. १८७१च्या सुमारास ते तुंबलं आणि कुरणाचं चक्क तळं झालं. त्यात वाफेच्या बोटी फिरू लागल्या. वीसेक वर्षांनी विवर मोकळं झालं, पाणी निघून गेलं, बोटी चिखलात रुतल्या आणि लोकांनी पुन्हा गुरं चरायला सोडली.

गुरं इथे जुनीच. सतराव्या शतकात स्पॅनिश फ्लोरिडातली सर्वांत मोठी रँच, ला चुआ, इथलीच. पुढे सेमिनोल या मूळनिवासी लोकांचे कळप आले. त्यांचा प्रमुख अहाया याला इंग्रज ‘काउकीपर’ म्हणत, म्हणजे गुरांचा धनी. १७७४ मध्ये वनस्पती धुंडाळत आलेल्या विल्यम बार्ट्रमला त्याने ‘पक पगी’, फुलं शोधणारा, असं नाव ठेवलं. उद्यानातल्या तंबूतळालाही आज तेच नाव आहे.

विसाव्या शतकात रँचवाल्यांनी बांध घालून, कालवे खणून पाणी हटवलं. १९७० मध्ये राज्याने जमीन विकत घेतली आणि बार्ट्रमने पाहिलेली प्रेअरी परत आणायचं ठरवलं. पाण्याच्या जुन्या वाटा मोकळ्या करायला घेतल्या, १९७५ मध्ये ओक्लाहोमाहून बायसन आणले. पण बार्ट्रमच्या प्रेअरीत गुरंढोरंही होतीच! म्हणून स्पॅनिश वंशाची क्रॅकर गाई-घोडीही इथे राखली आहेत. माणसाचा हात कधी लागलाच नव्हता, असा आव आणण्यापेक्षा मला हे प्रामाणिक वाटतं.

प्रेअरीतून जाणारा महामार्ग मात्र हटवता येईना. त्यावर साप, कासवं, बेडूक चिरडून मरत. म्हणून रस्त्याच्या कडेने, माथ्याला बाहेर झुकलेला काठ असलेली भिंत बांधली आणि प्राण्यांना रस्त्याखालून भुयारं दिली. मरणारे प्राणी पुष्कळ कमी झाले. झाडबेडूक तेवढे जुमानत नाहीत. ते भिंत चढून रस्त्यावर येतातच.