वाटेत साप दिसला तर?

हिवाळ्यातील सकाळी बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातून सायकलवर कान्हेरी लेण्यांकडे जाताना रस्त्यावर निश्चल साप दिसला, तर घंटी वाजवून उपयोग नाही. सापाला बाह्यकर्ण नसतात. घंटीचा उंच स्वर त्याला जवळजवळ ऐकू येत नाही. जमिनीची कंपने मात्र तो जबड्याच्या हाडांतून टिपतो.

मग तो पळत का नाही? साप शीतरक्ताचा प्राणी. गारठ्याने मंदावलेले शरीर तो उन्हात तापवीत असतो. अशा वेळी चाक चुकविणे त्याला जमत नाही. म्हणून आपणच थांबावे, किमान 2 मीटर दूर राहावे. बिनविषारी धामण असो वा विषारी घोणस, वाट मोकळी दिली की साप आपणहून निघून जातो.

दंश झालाच, तर जखम कापू नका, आवळून बांधू नका. तो अवयव न हलविता थेट रुग्णालय गाठा. विषावरचा खरा उपाय, प्रतिविष, तेथेच मिळतो.