एकच आमिष निवडायचे झाले तर...

२ जून १९३२ रोजी अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात पावसामुळे शेतीची कामे बंद होती. जॉर्ज पेरी हा तरुण शेतकरी एका मित्रासह माँटगोमेरी लेक या तळ्यावर मासे धरायला गेला. दिवस महामंदीचे होते. मासा मिळाला तर घरच्यांच्या जेवणाची सोय होणार होती. दोघांत मिळून कृत्रिम आमिष एकच होते. म्हणून एकाने होडी वल्हवायची आणि दुसऱ्याने गळ टाकायचा, अशी पाळी त्यांनी लावली होती. पेरीच्या पाळीत त्या आमिषाला लागलेला लार्जमाउथ बास २२ पौंड ४ औंस, म्हणजे सुमारे १० किलो भरला. तो विक्रम आजही पुसला गेलेला नाही. २००९ मध्ये जपानच्या बिवा सरोवरात मानाबू कुरिता यांनी त्याची बरोबरी मात्र केली, आणि तीही जिवंत माशाचे आमिष लावून.

आज अमेरिकेतील हौशी मासेमाराची पेटी उघडली, तर तीत नाना आकारांची आणि रंगांची आमिषे आढळतात. यांतले एकच ठेवायचे झाले तर कोणते ठेवाल, हा प्रश्न या मंडळींत नेहमी रंगतो. वरवर तो गमतीचा वाटतो. परंतु त्याचे उत्तर शोधताना मासा, पाणी आणि आपली सवय या तिन्हींचा विचार करावा लागतो.

प्रथम मासा समजून घेऊ. ‘बास’ हे नाव जगभर अनेक माशांना दिले गेले आहे. अमेरिकेतील लार्जमाउथ बास हा गोड्या पाण्यातील मासा असून तो मूळचा उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातला. पाणवनस्पती, बुडालेली झाडे, धक्क्यांचे खांब यांच्या आडोशाला तो दबा धरून बसतो. भक्ष्य टप्प्यात येताच तोंड झटकन उघडून पाण्यासकट ते आत ओढतो आणि खाण्याजोगे नसेल तर तितक्याच चपळाईने बाहेर टाकतो. भक्ष्याचा सुगावा त्याला डोळ्यांनी लागतो, तसाच अंगावरील पार्श्वरेषेने टिपलेल्या पाण्याच्या कंपनांनीही लागतो. रंगांच्या बाबतीत संशोधनातून असे दिसले आहे, की लाल आणि हिरवा हे रंग तो चांगले ओळखतो. गडद निळा आणि काळा यांत मात्र त्याची गल्लत होते. दुकानातील रंगांच्या रांगा माशापेक्षा गिऱ्हाइकाला अधिक भुरळ घालतात, असे म्हणतात ते अगदीच खोटे नाही.

आता आमिषांकडे वळू. पृष्ठभागावर खळबळ करत जाणारी आमिषे पहाटे आणि तिन्हीसांजेला उथळ पाण्यात उत्तम चालतात. मासा खोल पाण्यात उतरला की त्यांचा उपयोग सरतो. क्रँकबेट हे माशाच्या आकाराचे आमिष पुढच्या पट्टीमुळे ओढताच खाली जाते आणि थरथरते. स्पिनरबेटची धातूची पाने फिरताना चमकतात व कंपने निर्माण करतात. ही दोन्ही वेगाने ओढता येतात. त्यामुळे मासे विखुरलेले असताना मोठे क्षेत्र लवकर धुंडाळता येते. मात्र उघडे गळ असलेले क्रँकबेट दाट शेवाळात सहज अडकते, आणि थंडीत मासा सुस्त झाला की वेगाने जाणाऱ्या आमिषामागे तो फारसा धावत नाही.

उरते ते प्लॅस्टिकचे गांडूळ. ओहायो राज्यातील ॲक्रन येथे निक क्रीम यांनी १९४९ मध्ये मऊ प्लॅस्टिकचे गांडूळ तयार केले आणि बासच्या मासेमारीचे रूपच पालटले. हे गांडूळ ‘टेक्सास’ पद्धतीने लावतात. दोऱ्यात आधी गोळीच्या आकाराचे छोटे वजन ओवायचे, मग गळ बांधायचा आणि गळाचे टोक गांडुळाच्या अंगातच रुतवून ठेवायचे. टोक झाकलेले असल्याने ते झाडाझुडपांतून सहसा न अडकता सरकते. वजन बदलले, की तेच आमिष हातभर पाण्यातही चालते आणि खोल तळाशीही. उन्हाळ्यात थोडे जलद, थंडीत अगदी सावकाश, असा त्याचा वेग हवा तसा ठेवता येतो. शिवाय ते मऊ असल्याने मासा ते क्षणभर अधिक तोंडात धरतो, आणि तो क्षण मासेमाराच्या उपयोगी पडतो.

म्हणून एकच आमिष निवडायचे तर प्रस्तुत लेखकाचे मत गांडुळाला. त्याची उणीव उघड आहे. ते संथ आहे. तासाभरात त्याने फार थोडे पाणी तपासून होते. परंतु नवशिक्यासाठी हीच उणीव गुणासारखी ठरते. तळावरून सरकणारे वजन वाळू, खडक, लाकूड आणि शेवाळ यांवर वेगवेगळी जाणीव दोऱ्यातून बोटांपर्यंत पोहोचवते. काही दिवसांनी डोळे मिटूनही तळ कसा आहे हे कळू लागते. मासा कोठे असेल याचा अंदाज तेथूनच सुरू होतो. दर दहा मिनिटांनी आमिष बदलणाऱ्याला हे ज्ञान मिळत नाही. मासा का लागला नाही, जागा चुकली की वेळ, हे त्याला कधीच उमगत नाही. पेरीने तर आमिष निवडलेही नव्हते. जवळ होते तेच पाण्यात टाकले. बदलायला दुसरे नसल्याने त्याचे सारे लक्ष पाण्याकडेच राहिले असणार.

आपल्या गोव्यात हा बास नाही. पण चोणक आहे, आणि त्याला इंग्रजीत आशियाई ‘सी बास’ म्हणतात. दोघांचे कूळ वेगळे असले तरी आडोशाला दबा धरण्याची सवय सारखी. मांडवी, झुआरी, शापोऱ्याच्या खाड्यांत गळ टाकणाऱ्यांपुढेही एका आमिषाचा प्रश्न असतोच. उत्तर मात्र बदलते. भरती-ओहोटीच्या प्रवाहात छोटे मासे व कोळंबी टिपणाऱ्या चोणकासाठी शेपूट हलवणारा मऊ प्लॅस्टिकचा मासा अधिक योग्य. त्याच्या कल्ल्यांवरील झाकणाची कड धारदार असते, म्हणून आमिषापाशी जाड दोरा हवाच.

दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. चोणक प्रायः नर म्हणून प्रौढ होतो आणि पुढे वाढल्यावर मादी बनतो. म्हणजे खाडीतील सर्वांत मोठे चोणक बहुधा अंडी घालणाऱ्या माद्याच असतात. एखादा मोठा मासा छायाचित्र काढून सांभाळून पाण्यात परत सोडला, तर पुढच्या पिढीची सोय होते. दुसरे, मऊ प्लॅस्टिक पाण्यात कुजत नाही आणि मासे ते गिळतात. फाटलेले आमिष खिशात घालून घरी न्यावे.

तेव्हा या मोसमात नवे आमिष विकत घेण्याआधी जवळचे एकच निवडून पाहावे. महिनाभर तेच वापरावे. कोणत्या वेळी, कोणत्या भरतीला, कोठे मासा लागला हे वहीत टिपून ठेवावे. महिन्याअखेरीस त्या वहीत आमिषापेक्षा आपल्या खाडीचीच माहिती अधिक सापडेल.