सरकारने कुठवर यावे? लेखांक ६ : कांदा आणि रातोरात निघणारी अधिसूचना

फेब्रुवारी २०२३ मध्ये सोलापूरच्या बाजारात एका शेतकऱ्याने ५१२ किलो कांदा विकला. भाव मिळाला किलोला एक रुपया. गाडीभाडे, हमाली, तोलाई वजा जाता हाती दोन रुपये आणि वर काही पैसे उरले. व्यापाऱ्याने दोन रुपयांचा धनादेश फाडून दिला, तोही पुढच्या तारखेचा. त्या धनादेशाचे छायाचित्र महाराष्ट्रभर फिरले. त्याच वर्षी १९ ऑगस्टला, शनिवारी, केंद्र सरकारने कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लावले. कारण? कांदा महाग होण्याची चिन्हे दिसत होती.

गेल्या आठवड्यात आपण रेशनचे धान्य पाहिले. तिथे सरकार स्वतः खरेदी करते, साठवते, स्वस्तात विकते आणि त्यातला तोटा तिजोरीतून भरते. त्या व्यवस्थेत गळती आहे, पण हिशेब अर्थसंकल्पात दिसतो. कांद्याच्या धंद्यात सरकारचा पैसा तुलनेने थोडा आहे, हात मात्र फार लांब आहे. सरकारवरचा लोकांचा राग नेमका कशातून येतो हे समजून घ्यायला म्हणूनच कांदा बरा.

आधी पिकाचे गणित. आपल्याकडे कांदा तीन हंगामांत येतो. खरिपाचा पोळ, त्याच्या मागून लेट खरिपाचा रांगडा आणि रब्बीचा उन्हाळ. देशातला साधारण दोन तृतीयांश कांदा रब्बीचा. तो मार्च ते मे या काळात निघतो आणि चाळीत पाच-सहा महिने टिकतो. म्हणजे भाव पडला तर शेतकरी थोडे थांबू शकतो. वजन घटते, काही सडतो, काहीला कोंब फुटतात, पण थांबता येते. पोळ आणि रांगडा, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या लाल कांद्याचे तसे नाही. तो चाळीत टिकत नाही. काढला की ट्रॅक्टरमध्ये भरायचा आणि लासलगाव, पिंपळगाव, येवला, जे जवळ असेल तिथे लिलावाला उभे राहायचे. त्या दिवशी जो पुकारा होईल तो भाव.

हे लक्षात ठेवून २०२३ चा उरलेला घटनाक्रम वाचा. ऑगस्टमध्ये ४० टक्के शुल्क. निषेध म्हणून नाशिक जिल्ह्यातले लिलाव बंद पडले, तेव्हा केंद्राने आणखी दोन लाख टन कांदा क्विंटलला २,४१० रुपयांनी विकत घेण्याचे जाहीर केले. ऑक्टोबरच्या अखेरीस टनाला ८०० डॉलरची किमान निर्यात किंमत. आणि ८ डिसेंबरपासून निर्यात साफ बंद. ऐन लाल कांद्याच्या आवकेत. काही दिवसांत लासलगावचा भाव जवळपास निम्म्यावर आला. चाळीत उन्हाळ कांदा असता तर शेतकऱ्याने दात-ओठ खात का होईना, वाट पाहिली असती. लाल कांदेवाल्याला तीही मुभा नव्हती. बंदी आधी ३१ मार्च २०२४ पर्यंत होती, मग पुढे वाढवली गेली.

किमान किंमत असो वा बंदी, त्यासाठी संसदेत हात वर करावा लागला नाही. विदेशी व्यापाराच्या १९९२ च्या कायद्याने निर्यात रोखण्याचा अधिकार केंद्राला दिला आहे, आणि विदेश व्यापार महासंचालनालयाची एक अधिसूचना त्यासाठी पुरते. पेरणी होऊन गेलेली असते, करार झालेले असतात, कंटेनर न्हावाशेवाकडे निघालेले असतात. सप्टेंबर २०१९ मध्ये अशीच बंदी आली, तेव्हा दिल्लीत आलेल्या बांगलादेशच्या तत्कालीन पंतप्रधान शेख हसीना यांनी जाहीर कार्यक्रमात हसत हसत टोला मारला: आमच्या स्वयंपाक्याला सांगितले आहे, कांद्याशिवाय रांध, निदान आधी कळवायचे तरी. बांगलादेश हे तेव्हा आपले मोठे गिऱ्हाईक. दुसऱ्या देशाच्या पंतप्रधानांची तक्रार आणि निफाडच्या शेतकऱ्याची तक्रार शब्दशः एक असावी, हे विलक्षण आहे.

आता सरकारच्या बाजूने पाहू, कारण ती बाजू अगदीच पोकळ नाही. कांदा महागला की शहरातल्या गरिबाला तो बोचतो. २०१२ च्या पायावर बेतलेल्या ग्राहक किंमत निर्देशांकात कांद्याला वाटा अवघा ०.६४ टक्के होता, पण राजकारणातला त्याचा वाटा कुठल्याच निर्देशांकात मावत नाही. १९९८ मध्ये दिल्लीत कांदा भडकला, सुषमा स्वराज यांना जेमतेम काही आठवडे मुख्यमंत्रिपद मिळाले आणि भाजपने दिल्ली गमावली. ती आठवण प्रत्येक पक्षाच्या कार्यालयात आजही ताजी आहे. म्हणून केंद्रात कोणीही असो, मनमोहन सिंग असोत वा मोदी, कांदा चढला की हात निर्यातीच्या कडीकडे जातो.

ग्राहकाला स्वस्त कांदा द्यावा, हे सरकारचे काम असू शकते. माझा आक्षेप त्यावर नाही. तो कोणाच्या खिशातून द्यावा, हा प्रश्न आहे. रेशनवर गहू स्वस्त मिळतो तेव्हा फरक करदाते भरतात. निर्यातबंदीने कांदा स्वस्त होतो तेव्हा फरक शेतकरी भरतो, आणि त्याची नोंद कुठल्याच अर्थसंकल्पात नसते. हा एक कर आहे; फक्त त्याला कर म्हणत नाहीत, तो कर म्हणून संसदेत मांडला जात नाही आणि तो कोणी किती भरला याची पावती निघत नाही. शिवाय तो आंधळेपणाने पडतो. रिझर्व्ह बँकेच्या अभ्यासकांनी २०२४ मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार ग्राहकाने कांद्यासाठी मोजलेल्या रुपयातले सुमारे ३६ पैसे शेतकऱ्याच्या हाती पडतात. उरलेल्या ६४ पैशांना हात न लावता ३६ पैसेवाल्याची मान पकडणे सोपे, म्हणून तेच घडते.

इथे एक अवघड प्रश्न येतो, आणि शहरी वाचक तो हमखास विचारतो. डिसेंबरमध्ये 'सरकार, बाजारातून चालते व्हा' म्हणणारा शेतकरी मार्चमध्ये 'सरकार, अनुदान द्या' म्हणतो, हे कसे? २०२३ मध्येच राज्य सरकारने फेब्रुवारी-मार्चमधल्या विक्रीसाठी क्विंटलला ३५० रुपये, जास्तीत जास्त २०० क्विंटलपर्यंत, असे अनुदान दिले. त्यासाठी सातबाऱ्यावर कांद्याची नोंद हवी होती; ती नसलेल्यांनी तलाठ्याच्या दाराशी घातलेल्या खेपा हा वेगळाच अध्याय.

शरद जोशींनी या प्रश्नाला स्वच्छ उत्तर दिले होते. स्वित्झर्लंडमधली नोकरी सोडून ते चाकणजवळच्या आंबेठाणला कोरडवाहू शेती करू लागले, आणि शेतकरी संघटनेच्या सुरुवातीच्या लढ्यांत १९८० चे चाकणचे कांदा आंदोलन होते. त्यांचे म्हणणे असे की मदत देऊ नका, फक्त आडवे येऊ नका. त्यांच्यानंतरच्या शेतकरी नेत्यांना हे पुरेसे वाटले नाही. हमीभाव हवाच, असा त्यांचा आग्रह राहिला. मला स्वतःला वाटते, दोन्ही मागण्या एकाच शेतकऱ्याच्या तोंडी येतात त्यात विसंगती नाही. भाव चढला की सरकार तो पाडते आणि पडला की 'बाजाराचा नियम' सांगते. खेळ एकाच बाजूने चालवायचा असेल तर दुसऱ्या बाजूचे नुकसानही त्यानेच भरावे, एवढेच तो म्हणतो. नाहीतर दोन्ही बाजू मोकळ्या सोडा.

या रागाचे मतांत काय होते, ते मात्र सरळ नाही. एप्रिल २०२४ मध्ये बंदी कायम असताना २,००० टन पांढरा कांदा, म्हणजे मुख्यतः गुजरातचा, निर्यात करायला परवानगी मिळाली. महाराष्ट्रात ओरड झाल्यावर केंद्राने घाईने खुलासा केला की सहा देशांना ९९,१५० टन कांद्याची मुभा दिलेलीच आहे. ४ मे रोजी बंदी उठली, पण ५५० डॉलरची किमान किंमत आणि ४० टक्के शुल्क लावून. २० मे रोजी नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरीत लोकसभेचे मतदान झाले आणि केंद्रात राज्यमंत्री असलेल्या भारती पवार लाखाहून अधिक मतांनी हरल्या. कांद्याने सूड घेतला, असे सगळ्यांनी लिहिले. सहा महिन्यांनी विधानसभेला त्याच नाशिक जिल्ह्याने १५ पैकी १४ जागा महायुतीला दिल्या. दरम्यान किमान किंमत हटली होती, शुल्क २० टक्क्यांवर आले होते आणि लाडक्या बहिणींच्या खात्यात पैसे जमा होत होते. मत हे तक्रार नोंदवण्याचे फार बोथट साधन आहे. त्यात कशाबद्दल काय म्हणायचे होते, ते उकलत नाही.

मग करायचे काय? याचे अर्धे उत्तर सरकारने एकदा स्वतःच लिहिले होते. १९५५ च्या जीवनावश्यक वस्तू कायद्यात २०२० मध्ये दुरुस्ती झाली. नाशवंत फळे-भाज्यांच्या किरकोळ किमतीत आधीच्या बारा महिन्यांच्या किंवा पाच वर्षांच्या सरासरीच्या तुलनेत, यांपैकी जो आकडा कमी असेल त्यावर, १०० टक्के वाढ झाली तरच साठामर्यादा घालता येईल, असे तीत होते. म्हणजे उंबरठा ठरलेला, आधी छापलेला. त्या ऑक्टोबरमध्ये कांद्यावर साठामर्यादा आली तेव्हा सरकारला आकडा दाखवावा लागला: किमती पाच वर्षांच्या सरासरीहून सुमारे ११५ टक्क्यांनी वर गेल्या आहेत. निर्णय आवडो न आवडो, त्याचे माप लोकांसमोर होते. पण त्याच्या महिनाभर आधी, १४ सप्टेंबरला, निर्यातबंदी आली होती. तिला कुठलाही उंबरठा लागू नव्हता, कारण तो दुसरा कायदा, दुसरे मंत्रालय.

ती दुरुस्ती इतर दोन कृषी कायद्यांसोबत नोव्हेंबर २०२१ मध्ये रद्द झाली. तिन्ही कायदे कसे आणले गेले याबद्दलचा पंजाब-हरियाणातला राग रास्त होता, पण त्या गठ्ठ्यात उंबरठ्याचे हे एक कलमही गेले आणि ते परत आणा, असे ना सरकार म्हणाले ना आंदोलक. निर्यातीसाठी असाच नियम करता येतो: किती भाव गेल्यावर शुल्क लागेल, किती दिवस आधी कळवले जाईल, झालेल्या करारांना सूट असेल की नाही, आणि किती दिवसांनी निर्णयाचा फेरविचार होईल. त्यासाठी पैसा लागत नाही. लागते ती स्वतःचे हात थोडे बांधून घेण्याची तयारी, आणि तीच कुठल्याही मंत्रालयाला जड जाते. १ एप्रिल २०२५ पासून कांद्यावरचे निर्यात शुल्क शून्य झाले, तेही एका अधिसूचनेनेच.

डिसेंबर २०२३ च्या ज्या आठवड्यात कांद्याला बाहेर जायची बंदी झाली, त्याच आठवड्यात पिवळ्या वाटाण्याला शुल्काशिवाय आत यायची परवानगी मिळाली. हरभऱ्याचे आणि लातूरच्या डाळ बाजाराचे त्यावरचे म्हणणे पुढच्या लेखांकात.