पंचाहत्तर दिवे आणि एक जहाज

आमच्या मुलुंडच्या सोसायटीतल्या काकूंना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होणार होती. मुलगा अंधेरीला, मुलगी बोरिवलीला, भाऊ घाटकोपरला. हॉल कोणाच्या सोयीचा घ्यायचा यावर आठवडाभर खल झाला आणि शेवटी नातवानेच तिढा सोडवला. "आजी, आपण क्रूझवर जाऊ. बॅलार्ड पिअरला चढायचं, गोव्याला जाऊन परत यायचं." काकूंनी मान डोलावली आणि दुसऱ्याच दिवशी पंचाहत्तर फुलवाती वळून, तुपात भिजवून डबा भरून ठेवला. पंचाहत्तरी म्हणजे पंचाहत्तर दिव्यांनी ओवाळणं आलंच.

नातवाने मोबाइलवर जहाजाची नियमावली वाचली आणि डब्याकडे बघत म्हणाला, "आजी, यातली एकही पेटवता येणार नाही."

"का? समुद्रात तर पाणीच पाणी!"

काकूंचा प्रश्न साधा होता, पण त्याचं उत्तर शोधताना मी चांगलाच गुंतलो. जहाजावरचे शिष्टाचार म्हणजे काटा-चमचा कुठल्या हातात धरायचा एवढंच असावं, असा माझा समज होता. प्रत्यक्षात जो नियम खरवडावा, त्याच्या तळाशी आग नाहीतर पाणी सापडतं.

आधी आगीचं बघू. इमारतीत आग लागली की आपण जिन्याने खाली पळतो आणि बाहेरून बंब येतो. भर समुद्रात पळायला अंगण नसतं आणि बंबही येत नाही. त्यात गंमत अशी, की पाणी मारून आग विझवावी तर ते पाणीच जहाजाला बुडवू शकतं. वरच्या मजल्यांवर साचलेलं पाणी जहाज जरा कललं की त्याच बाजूला धावतं आणि जहाजाला आणखी कलवतं. फेब्रुवारी १९४२मध्ये न्यूयॉर्कच्या धक्क्याला लागलेल्या 'नॉर्मंडी' या अवाढव्य फ्रेंच जहाजाला आग लागली. बंबांनी पाण्याचा मारा केला, आग आटोक्यात आली आणि काही तासांनी, मध्यरात्रीनंतर, त्या पाण्याच्या भारानेच जहाज धक्क्यालगत आडवं झालं.

इतक्या दूर जायचीही गरज नाही. बॅलार्ड पिअरपासून जवळच व्हिक्टोरिया डॉक होता. १४ एप्रिल १९४४ रोजी तिथे 'फोर्ट स्टिकीन' हे मालवाहू जहाज उभं होतं. त्याच्या पोटात कापूस होता आणि स्फोटकंही. कापसात ठिणगी पडली, दुपारभर आग धुमसली आणि चारच्या सुमारास असा स्फोट झाला की गोदी उद्ध्वस्त झाली, शेकडो माणसं गेली, जहाजातल्या सोन्याच्या विटा शहरात उडून पडल्या. त्यात ६६ अग्निशामक जवान कामी आले. देशभर १४ एप्रिलपासून पाळला जाणारा अग्निशमन सेवा सप्ताह त्यांच्याच स्मरणार्थ असतो.

एवढं कळल्यावर सामानतपासणीत कापूर, उदबत्ती, मेणबत्ती, इस्त्री आणि पाणी उकळायची किटली का बाजूला काढतात, ते वेगळं सांगावं लागत नाही. वाढदिवसाचा केक मिळतो, पण त्यावर जळती मेणबत्ती सहसा नसते. त्याऐवजी भोजनगृहातले कर्मचारी टाळ्या वाजवत टेबलाभोवती गोळा होतात आणि गाणं म्हणतात. यासाठी एकच पथ्य पाळायचं: वाढदिवस, लग्नाचा वाढदिवस, जे काही असेल ते बुकिंग करतानाच कळवायचं. भर समुद्रात ऐनवेळी केक आणायला कोपऱ्यावरची बेकरी नसते.

मग आपले बाकीचे सोहळे? इथे मला खरी मौज सापडली.

डोहाळेजेवणाचे आपल्याकडे किती प्रकार! चांदण्यातलं, बागेतलं, झोपाळ्यावरचं आणि नावेतलं. पुठ्ठ्याची होडी करून त्यात गर्भवतीला बसवायचं, मागे निळा पडदा लावायचा. आता खरं जहाज दारात आलंय, तर सातव्या महिन्यात तिथे चढता येत नाही. गर्भारपणाचे २४ आठवडे पूर्ण झाले की बहुतेक क्रूझ कंपन्या प्रवासाला नकार देतात. कारण जहाजावर दवाखाना असला तरी अपुऱ्या दिवसांच्या बाळाला जपण्याची सोय नसते. सहा महिन्यांपेक्षा लहान बाळालाही सहसा घेत नाहीत, म्हणजे बारसंही बाद. पण तिसऱ्या-पाचव्या महिन्यातली चोरओटी चालते आणि सहा महिने उलटलेल्या बाळाचं उष्टावणही चालतं. आपल्या संस्कारांचं कॅलेंडर आणि जहाजाच्या डॉक्टरांचं कॅलेंडर शेजारी शेजारी ठेवून पाहिलं, की फटी बरोबर दिसतात.

लग्नाचं आणखी वेगळं. कप्तान लग्न लावतो हे सिनेमात ठीक आहे. प्रत्यक्षात जहाजावर ज्या देशाचा झेंडा, त्या देशाचा कायदा. बर्म्युडा, बहामा, माल्टा अशा मोजक्याच झेंड्यांखाली कप्तानाला तसा अधिकार मिळतो. आपल्या १९५५च्या हिंदू विवाह कायद्याचं ७वं कलम तर सांगतं, की ज्या विधीत सप्तपदी आहे तिथे वधूवरांनी अग्नीसमोर सातवं पाऊल टाकलं की विवाह पूर्ण होतो. कायद्याला अग्नी हवा आणि जहाजाला तो नको! म्हणून सप्तपदी जमिनीवर आणि स्वागतसमारंभ लाटांवर, ही वाटणी सगळ्यात सोयीची.

आता पाण्याकडे येऊ. काकूंनी दुसरी पिशवी भरली होती, तिच्यात सोललेला नारळ. समुद्राला द्यायला. नारळी पौर्णिमेला वरळी-वर्सोव्याचे कोळीबांधव देतात, मग आपण का नको? पण जहाजावरून प्रवाशाने काहीही टाकायचं नाही. फूल नाही, निर्माल्य नाही, अक्षताही नाहीत. जहाजांनी समुद्र घाण करू नये म्हणून १९७३ आणि १९७८ साली झालेल्या 'मार्पोल' या आंतरराष्ट्रीय कराराने कोणता कचरा किनाऱ्यापासून किती अंतरावर सोडायचा तेसुद्धा ठरवलंय. न दळलेलं उष्टं-खरकटं १२ सागरी मैलांच्या आत नाही आणि प्लॅस्टिक तर जगाच्या पाठीवर कुठेच नाही. शिवाय वारा उलटा असला तर वरच्या डेकवरून टाकलेला नारळ खालच्याच्या बाल्कनीत उतरायचा!

पाण्याचा दुसरा नियम सगळ्यांना कंटाळवाणा वाटतो. जहाज सुटण्याआधीच सगळ्यांना आपापल्या जमायच्या जागेवर बोलावतात, जीवनरक्षक जाकीट कसं घालायचं ते दाखवतात, सात आखूड आणि एक लांब असा भोंगा ऐकवतात. 'टायटॅनिक' बुडाल्यानंतर दोन वर्षांनी, १९१४ साली, समुद्रातल्या जीवरक्षणाचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. तरी सरावाची घाई कोणालाच नव्हती. जानेवारी २०१२मध्ये इटलीजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' खडकावर आदळलं, तेव्हा त्याच दिवशी चढलेल्या शेकडो प्रवाशांचा सराव व्हायचाच होता. ३२ जण गेले. त्यानंतर नियम कडक झाला: सराव आधी, प्रवास मग.

काकूंच्या पिढीला यासाठी इटलीचा दाखला लागत नाही. त्यांच्यासाठी 'रामदास' पुरे. १७ जुलै १९४७, आषाढ अमावास्या. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ही बोट तुफानात कलंडली आणि सहाशेहून अधिक माणसं बुडाली. लाटेला घाबरून प्रवासी एका बाजूला धावले आणि बोटीचा तोल गेला, असं जुने लोक सांगत. सरावाच्या वेळी 'जिथे सांगितलंय तिथेच उभे राहा' असं का बजावतात, ते या एका वाक्यात आलं.

काकूंचं बालपण मालवणकडचं. मे महिन्यात भाऊच्या धक्क्यावर बोट पकडायची, डेकवर पथारी पसरायची, बंदर आलं की डुलत्या पडावात उतरायचं आणि त्यातून किनारा गाठायचा. आपल्या भाषेने तर त्या प्रवासाची स्मृती वाक्प्रचारातच जपलीय. पोटात ढवळलं की आपण 'बोट लागली' म्हणतो. यात होतं असं, की डोळ्यांना खोलीच्या भिंती स्थिर दिसतात, कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग मात्र सांगतो की आपण हलतोय. दोन साक्षीदारांची जबानी जुळली नाही की मेंदू गोंधळतो आणि पोट त्याची शिक्षा भोगतं. क्षितिजाकडे बघत राहिलं की दोघांची जबानी जुळते. खोली शक्यतो खालच्या मजल्यावर आणि जहाजाच्या मध्यावर घ्यावी. सी-सॉच्या टोकाला बसणारा उसळतो, मधला जागच्या जागी राहतो.

आजची जहाजं तशी डुलत नाहीत. २०२१च्या सप्टेंबरपासून मुंबईहून निघणाऱ्या कॉर्डेलियाच्या 'एम्प्रेस'चंच बघा. १९९०मध्ये फ्रान्सच्या सां-नाझेरला बांधलेलं हे जहाज २११ मीटर लांब आहे, म्हणजे आपल्या बारा डब्यांच्या लोकलपेक्षा थोडं आखूड. अशा जहाजांच्या पोटाखाली दोन्ही बाजूंना माशाच्या परांसारखे पंख असतात. लाट एका बाजूने उचलू लागली की ते वळून तिला उलटा जोर लावतात. जहाज ४८,५६३ टनी आहे असं वाचून त्याचं वजन कळलं असं मात्र समजू नका. तो 'टन' आकारमानाचा आहे. जहाजात दारूची किती पिंपं मावतात यावर कर बसायचा त्या काळापासून चालत आलेला. पावसाळ्यात आपला समुद्र खवळतो, म्हणून मुंबईच्या फेऱ्या थांबतात. याच जहाजाने जून २०२३मध्ये चेन्नईहून श्रीलंकेच्या फेऱ्या केल्या.

असं हे तरंगतं गाव, आणि बंदही. एकाला जुलाब लागले की चार दिवसांत मजलाभर पसरतात, म्हणून बुफेच्या दारात हात धुवायचा आग्रह. २०२०च्या फेब्रुवारीत योकोहामा बंदरात अडकलेल्या 'डायमंड प्रिन्सेस'वरच्या ३,७११ जणांपैकी सातशेहून अधिकांना कोरोना झाला, तेव्हा साऱ्या जगाला हे उमगलं. संडास विमानासारखे हवेच्या ओढीने चालतात. त्यात कागदाशिवाय काही टाकलं तर एका खोलीची चूक सगळ्या रांगेला भोवते. भिंती पोलादी असतात, म्हणून चिकटपट्टीऐवजी फ्रिजवरचे चुंबक न्यावेत, शुभेच्छापत्रं छान टिकतात. दारावरच्या कागदी सजावटीचं मात्र आधी विचारून घ्यावं. ती पुन्हा आगीची गोष्ट.

कपड्यांची चिंता आपण सर्वांत जास्त करतो आणि ती करायचं कारण सर्वांत कमी. कप्तानाच्या मेजवानीला 'औपचारिक' लिहिलं असेल तर पैठणी आणि झब्बा-जाकीट सुटाच्या तोडीचेच. भावाच्या घाटकोपरच्या शेजाऱ्यांना जैन जेवण हवं असेल तर तेही बुकिंगच्या वेळीच सांगून ठेवायचं. आणि बाकीचे शिष्टाचार? उतरणाऱ्याला आधी उतरू द्या, रुमाल टाकून जागा अडवू नका (तिथे रुमालाऐवजी टॉवेल आणि बाकाऐवजी पोहण्याच्या तलावाकाठची आरामखुर्ची), शेजारचा झोपलाय तर हळू बोला. हे कोणाला शिकवायचं, लोकलने जाणाऱ्याला? चालत्या गाडीत, दुसऱ्याला धक्का न लावता सोहळा कसा करायचा हे उपनगरांना पाठ आहे. दसऱ्याला डब्याला झेंडूचं तोरण, महिलांच्या डब्यात संक्रांतीचं हळदीकुंकू, आठ-बाराच्या लोकलच्या गटात कोणाचा वाढदिवस असेल तर दादर यायच्या आत डबाभर पेढे.

काकूंनी तोडगा काढलाच. निघायच्या दिवशी पहाटे घरीच पंचाहत्तर दिव्यांनी ओवाळून घेतलं. नारळ देवापुढे ठेवला. मग सगळे आपापल्या वाटेने निघाले, घाटकोपरचा भाऊ तर मेट्रोने मरोळ नाक्याला आणि तिथून भुयारी मेट्रोने थेट सीएसएमटीला.

संध्याकाळी जहाज बंदराबाहेर पडलं तेव्हा नातवंडांनी आजीला वर डेकवर नेलं. बॅटरीचे दिवे आणले होते, पण वाऱ्यात ताट धरवेना. काकू कठड्याला टेकून उभ्या राहिल्या. मागे कुलाब्याच्या टोकाला, खडकांवर उभा असलेला १८७५ सालचा प्रॉन्ग्सचा दीपस्तंभ लुकलुकत होता. त्यांनी बोटांची पेरं धरून मोजायला सुरुवात केली. सून दोनदा जेवायला बोलवून गेली. काकूंनी हातानेच थांब म्हटलं. त्यांचे एकसष्ट झाले होते, चौदा बाकी होते.