तुरुंगातलं शेवटचं आजारपण



घरचं माणूस तुरुंगात असलं की त्याच्याबद्दल आपण गटाच्या बैठकीत बोलत नाही. लाज वाटते. मग ते आत आजारी पडलं, कॅन्सर निघाला, किडन्या गेल्या, तरी विचारायचं कुणाला हे कळत नाही. लोक म्हणतात, केलंय ते भोगू दे. पण न्यायालय शिक्षा देतं ती कोंडून ठेवण्याची, औषधावाचून तडफडण्याची नव्हे. राज्यघटनेच्या कलम २१ मधला जगण्याचा हक्क कैद्यालाही आहे. म्हणून आज आम्ही बोलणार आहोत ते अशा माणसाला घरी कसं आणता येईल याबद्दल.

आधी एक गैरसमज. रजा आपल्याला ऐकून माहीत असते, संचित आणि अभिवचन. पण अभिवचन रजा मुख्यतः घरी कुणी अत्यवस्थ असेल किंवा वारलं असेल त्यासाठी असते. कैदी स्वतः आजारी असेल तर वाट वेगळी.

खटला अजून चालू असेल, म्हणजे तो कच्चा कैदी असेल, तर जामिनाचा अर्ज करायचा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८० मध्ये आजारी, दुर्बल माणसाला आणि स्त्रीला गंभीर गुन्ह्यातही जामीन देण्याची सोय आहे. न्यायालय जामीन देऊ शकतं, दिलाच पाहिजे असं नाही. शिक्षा झाली आणि अपील चालू आहे, तर अपिलाच्या न्यायालयाकडे शिक्षा स्थगित करून जामीन मागायचा. अपीलही संपलं असेल तर शिक्षा कमी करण्यासाठी किंवा माफीसाठी सरकारकडे, राज्यपालांकडे अर्ज जातो. ही शेवटची वाट सगळ्यांत लांबची, आणि आजार काही फाईल हलेपर्यंत थांबत नाही.

दोन माणसांची गोष्ट सांगतो. दोघं एकाच खटल्यातले, एल्गार परिषदेच्या. दोघंही तळोजा तुरुंगात, दोघंही ऐंशीच्या पुढचे. कवी वरवरा राव यांच्या पत्नीने मुंबई उच्च न्यायालयात अर्ज केला. न्यायालयाने नोव्हेंबर २०२० मध्ये त्यांना नानावटी रुग्णालयात हलवायला सांगितलं. तिथल्या डॉक्टरांचे अहवाल न्यायालयापुढे आले आणि २२ फेब्रुवारी २०२१ ला सहा महिन्यांचा जामीन मिळाला. पुढे सर्वोच्च न्यायालयाने मुदतीची अट काढली.

दुसरे फादर स्टॅन स्वामी. त्यांना कंपवात होता, हात थरथरत, कप धरता येत नसे. पाणी प्यायला स्ट्रॉ आणि झाकणाचा पेला हवा म्हणून त्यांना न्यायालयात अर्ज करावा लागला, त्यात काही आठवडे गेले. (एका स्ट्रॉसाठी, बायांनो!) मे २०२१ अखेर ते खासगी रुग्णालयात पोचले. ५ जुलैला त्यांच्या जामिनावर सुनावणी होती. त्याच दिवशी ते गेल्याचं न्यायालयाला कळवण्यात आलं. खटला सुरूही झाला नव्हता.

आमच्या मते यातून घ्यायचं ते हे: कागद लवकर हवा, आणि शक्यतो तुरुंगाबाहेरच्या मोठ्या सरकारी रुग्णालयाचा. 'प्रकृती स्थिर' एवढंच लिहिलेल्या चिठ्ठीने काम होत नाही. आजाराचं नाव, तो कितपत वाढलाय, कोणते उपचार तुरुंगात होऊ शकत नाहीत, स्वतःच्या हाताने जेवता-उठता येतं का, हे डॉक्टरांनी लिहायला हवं. तसं लिहून मिळत नसेल तर न्यायालयालाच तपासणीचा आदेश मागता येतो. मुलाखतीला गेलात की त्याचं वजन, चालणं, बोलणं पाहा आणि तारखेसकट वहीत लिहा. कारागृह अधीक्षकांना अर्ज द्याल त्याच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. बँकेत कर्जप्रकरण देताना आपण घेतो ना, तशीच.

वकिलाला पैसे कुठून, हा पुढचा प्रश्न. कैदी आणि स्त्री, दोघांनाही कायद्याने मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. तालुका विधी सेवा समितीत जा, किंवा १५१०० ला फोन करा. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने डिसेंबर २०२४ मध्ये वृद्ध आणि मरणाच्या दारातल्या कैद्यांसाठी खास मोहीमही काढली होती, तिचा उल्लेख करा.

घरी सोडलं नाही, तरी रुग्णालयात हलवा, दुखणं कमी करणारं औषध द्या, घरच्यांना जास्त वेळा भेटू द्या, हे मागायचंच. आणि माणूस आतच गेलं, तर न्यायदंडाधिकाऱ्यांची चौकशी कायद्यानेच होते. शक्य तिथे नातेवाइकांना कळवायचं आणि हजर राहू द्यायचं, असं त्यात लिहिलेलं आहे. जाताना वही सोबत न्या.